वांझ्याचा बहर

चिमीचा चेहरा सुजायला लागला तेव्हा घरात अजून जेवणाची ताटंही मांडली नव्हती. सकाळी पोर आजोबांच्या मागे पाणराईत गेली होती. येताना ओहळातून तरंगत आलेली पिवळट फुलांची एक डहाळी तिने उचलली आणि कानामागे खोचून घरभर मिरवली. आई परसात टोपल्यांचे तुटलेले काठ विणत बसली होती. तिने मान वर केली, डहाळी पाहिली, आणि हातातली काडी तशीच गळून पडली.

"टाक ते. तोंडाला हात लावू नकोस. अजिबात लावू नकोस."

पण लावून झाला होता. गाल, पापण्या, मान, सगळीकडे.

या आईला सारं गाव वहिनी म्हणायचं, कधी कधी सासरेही म्हणायचे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनी भित्री बाई. विंचवाला भ्यायची, पुराला भ्यायची, नवऱ्याची होडी यायला उशीर झाला की दारात उभी राहून भ्यायची. बायका तिला हसायच्या, आणि तीही त्यांच्याबरोबर हसून घ्यायची. त्या दिवशी मात्र हसायला कोणी उरलं नाही. तासाभरात चिमीच्या डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या, ओठ फुगून उलटे झाले, आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला.

दवाखाना नदीपलीकडे. चिमीचा बाप, ज्याला त्याचा बापही दादाच म्हणायचा, वल्हं मारत होता आणि मागे वळून बघत नव्हता. वहिनी पोरीला मांडीवर घेऊन ती शिट्टी ऐकत होती. शिट्टी वाजली की ऐकवत नव्हती, आणि क्षणभर थांबली की वहिनीचाच श्वास अडकत होता. सात वर्षांची पोर, एरवी मांडीवर मावायची नाही, आज कशी मावली कोण जाणे.

नर्सबाईंनी इंजेक्शन दिलं. शिट्टी थांबायला अर्धा तास गेला. मग त्यांनी दोघांना बाहेर बोलावलं आणि न रागावता सांगितलं की आज पोचलात, पुढच्या खेपेला घसा इतका वेळ देणार नाही. एकदा अंग असं उतून सुजलं की ते लक्षात ठेवतं, दुसऱ्यांदा जास्त सुजतं. कशाने झालं ते ठाऊक आहे ना, मग ते पोरीपासून लांब ठेवा.

ठाऊक नसायला काय झालं. पाणराई घराच्या मागच्या दारापासूनच सुरू होत होती.

*

पाणराई म्हणजे दलदलीत उभी असलेली बेचाळीस काजळाची झाडं. झाडं उंच, सरळ, आणि त्यांची मुळं चिखलातून बाहेर येऊन माणसाच्या वाकलेल्या गुडघ्यासारखी परत चिखलात जाणारी. घरातले त्यांना गुडघेच म्हणत. त्या गुडघ्यांवर फळ्या टाकून वाट केलेली. काजळाच्या फळात एक टणक बी असते आणि बीच्या टरफलात रस. रस निघतो तेव्हा दुधासारखा पांढरा, वाऱ्याला लागला की काळाकुट्ट. होडीच्या फळ्यांच्या फटीत तो भरला की दहा वर्षं पाण्याचा थेंब आत येत नाही. कातडीला लागला तर मात्र फोड येतात, कातडी उतते. या घरात तीन पिढ्या रस काढत आल्या होत्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातावर त्याचे जुने, काळपट चट्टे होते. त्याचं कोणाला काही वाटत नसे. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच आबा म्हणायचे, आणि ते म्हणतानाही हसायचे.

आबा म्हणजे चिमीचे आजोबा. राई त्यांच्या शब्दावर चालायची. आणि आबांचा शब्द साधा होता: जे फळत नाही ते ठेवायचं नाही. काजळाची काही झाडं फुलांनी नुसती लदबदायची, त्यांच्या फुलांनी माणूस नुसत्या वाऱ्यानेही उतायचा, आणि फळ म्हणाल तर एक नाही. त्यांना घरात वांझ्या म्हणत. एखादं झाड तीन वर्षं फुलून फळलं नाही की आबा चुना कालवून त्याच्या खोडाला पट्टा ओढायचे. चुन्याचा पट्टा म्हणजे कुऱ्हाड. दर दोन-तीन वर्षांनी चार-पाच वांझे असे गेले. त्यांची जागा फळणाऱ्या झाडांना मिळावी, ऊन मिळावं, बायकापोरांची अंगं उतू नयेत, हा आबांचा हिशेब. त्यात वाईट काही नव्हतं. शेवटचे पाच वांझे पडून चार वर्षं झाली होती.

राहिला तो एकच, ओहळापलीकडचा. त्याच्या बुंध्याशी चिखल खोल होता. एकदा आबा कुऱ्हाड घेऊन गेले ते छातीपर्यंत रुतले, आणि दोर टाकून त्यांना बाहेर काढावं लागलं. त्यानंतर त्यांनी त्याचा नाद सोडला. म्हातारा आहे, मरेल आपोआप, असं म्हणून विषय संपवला. चिमीच्या कानामागची डहाळी त्याची होती.

दवाखान्यातून परतल्यावर दादा अंगणात उभ्याउभ्याच म्हणाला, की तो वांझ्या आता पडायचा. होड्या बांधणाऱ्या मिस्त्रीला धक्क्यासाठी न कुजणारं लाकूड हवंच होतं. तो तराफा आणि दोन माणसं गुरुवारी पाठवेल, तोवर ओहळाचं पाणीही उतरेल. आबांनी मान डोलावली. वहिनीला तर कोणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर ती म्हणाली असती की गुरुवार कशाला, आजच पाडा. त्या झाडाचा तिला इतका राग आला होता की हातात कुऱ्हाड असती तर ती स्वतः रुतली असती.

*

सोमवारी ती राईत गेली. वेली खोडांवर चढल्या होत्या आणि त्या कापायचं काम दरवर्षी तिचंच. तिने हातांना तेल चोपडलं, बाह्या मनगटाशी बांधल्या, पदर नाकातोंडावरून घट्ट ओढला आणि कोयता घेऊन फळ्यांवरून निघाली. चिमीला शेजारच्या मावशींकडे ठेवलं होतं. पोरीचे डोळे आता उघडत होते, पण पापण्यांची साल निघत होती.

राई फुलली होती. फुलायचं काम राई दरवर्षी चोख करायची, पुढचं सगळं बिघडलं होतं. तीन वर्षं झाली, आतल्या तीस झाडांची फुलं गळून पाण्यात पडत आणि मागे देठ तेवढे राहत. फळ धरायचं ते फक्त ओहळाकाठच्या रांगेतल्या अकरा झाडांना. रस काढायच्या गाडग्यांपैकी निम्मी माळ्यावर उपडी पडून होती. मिस्त्री तोंडावर काही बोलत नसे, पण फटी बुजवायच्या कारखानी रोगणाचा डबा आणून त्याने त्याच्या कामाच्या जागी सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. कारणं घरात रोज निघत. कधी अवकाळी पाऊस, कधी खारं पाणी, कधी कोणाची तरी नजर. आबा म्हणत, झाडं थकली. झाडांना विचारायला कोण गेलं होतं.

ओहळाच्या काठी वहिनी वेल ओढायला थांबली आणि तिला माश्या दिसल्या. चिलटांपेक्षा थोड्या मोठ्या, काळ्या. पलीकडच्या वांझ्याभोवती त्यांचं घोंगावणं इथवर ऐकू येत होतं. तिथून त्या दोन-दोन, चार-चार अशा पाणी ओलांडून पहिल्या रांगेच्या फुलांवर येत होत्या. दोन झाडं आत गेलं की माशी नाही. चार झाडं आत गेलं की हवा अगदी रिकामी.

तिने हे पाहिलं आणि आपल्या कामाला लागली. वेल अर्धी कापून झाली तेव्हा कोयता थांबला.

लहानपणी एकदा तिने आईच्या मांडवावरची भोपळ्याची सगळी फुलं खुडली होती. सगळी म्हणजे, ज्यांच्या खाली इवलीशी गाठ होती ती सोडून. गाठीची फुलं म्हणजे भोपळे, एवढं तिला कळत होतं. बाकीची नुसतीच फुलं, ती भातुकलीला घेतली तर काय बिघडलं? रोज सकाळी ती खुडत राहिली. त्या वर्षी मांडवावर एक भोपळा धरला नाही. गाठी पिवळ्या पडून गळाल्या. आईने पाठीत धपाटा घातला होता आणि म्हणाली होती, बिनगाठीचं फूल गाठीच्या फुलाला लागावं लागतं, कार्टे, नाहीतर गाठ सुकते.

वहिनीने पाण्यावरून एक पान उचललं, त्यात आतल्या झाडाचं गळलेलं फूल घेतलं आणि कोयत्याच्या टोकाने फाडलं. आत मोहरीएवढी हिरवी गाठ होती, सुकत आलेली. मग दोन काड्यांच्या चिमटीत तिने ओहळातून वाहत आलेलं वांझ्याचं फूल धरलं. हात लांब करून, श्वास रोखून, तोंड फिरवून. ते फाडलं. गाठ नव्हती. नुसती पिवळी भुकटी होती, आणि ती कोयत्याच्या पात्यावर सांडली.

ती फळीवर बसली. वांझे वांझ नव्हतेच. राईला फळ धरत होतं ते त्यांच्यामुळे, आणि या घराने ते एकेक करून, चुना लावून, मोठ्या समजुतीने तोडले होते. आता एकच उरला होता, आणि तो गुरुवारी पडणार होता. आणि तो पडावा असं तिला अजूनही वाटत होतं. मघाशी वाटत होतं तितकंच.

खरी भीती तिला या शेवटच्या गोष्टीची वाटली.

*

ती कोणाला काही बोलली नाही. सोमवारची दुपार गेली, मंगळवार गेला. मनाशी म्हणाली, आपण कोण मोठ्या शहाण्या, भोपळा कुठे आणि काजळ कुठे. मग म्हणाली, आबांना सांगायचं तरी कसं, त्यांनी उभ्या जन्मात केलेलं काम उलटं होतं म्हणून? आणि या सगळ्याच्या खाली ती शिट्टी होती. मांडीवरच्या पोरीच्या घशातली. सांगितलं तर झाड राहील. झाड राहिलं तर दरवर्षी महिनाभर त्याची फुलं ओहळातून घराच्या मागच्या दारापर्यंत येतील. न सांगितलं तर कोणी तिला कधी विचारणार नव्हतं. राई आणखी काही वर्षं फुलत राहील, गळत राहील, आणि माणसं म्हणतील, झाडं थकली.

मंगळवारी संध्याकाळी दादा कुऱ्हाडीला धार लावायला बसला. दगडावर पाणी टाकायला त्याने हाक मारली. वहिनी तांब्या घेऊन आली आणि थोडं थोडं पाणी ओतत राहिली. दादाने अंगठा पात्यावरून फिरवला आणि म्हणाला, की सोमवारपासून तू जेवत नाहीस, पोर बरी आहे आता. ती हो म्हणाली. तांब्या रिकामा झाल्यावर ती आणखी पाणी आणायला गेली.

बुधवारी सकाळी आबा ओट्यावर बसून चुना कालवताना दिसले.

तिने विचारलं, कशासाठी. आबा डबड्यात काडी फिरवत म्हणाले, "आतली तीस. तीन वर्षं झाली, फळ नाही. नियम तो नियम. आपल्या हाताने वाढवली म्हणून काय झालं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण काडी फिरवणारा हात मध्येच थांबत होता.

वहिनी त्यांच्यासमोर खाली बसली. सुनेने सासऱ्यासमोर असं बसायची या घरात पद्धत नव्हती. आबांनी वर पाहिलं.

"आबा, चुना लावू नका. झाडांची चूक नाही."

मग तिने सगळं सांगितलं. माश्या, गाठ, भुकटी, भोपळा. सांगताना तिची नजर त्या डबड्यावर होती, कारण त्यांच्या तोंडाकडे बघायची छाती नव्हती. तिचं संपल्यावर आबा बोटांवर मोजत काहीतरी पुटपुटायला लागले. तिला आधी कळलं नाही. ते झाडं आठवत होते. विहिरीच्या अंगाचे चार. दुफाटा असलेला एक. ज्याच्यावर घार बसायची तो. तुझ्या सासूबाईंचा हात उतवला होता तो.

"सदतीस," आबा म्हणाले. "सदतीस पाडले मी. एकेकाला तीन वर्षं थांबून पाडलं. घाई नाही केली कधी."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, आबा."

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच तिला सहन झालं नाही. त्यांनी पुढे विचारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात राईच्या दिशेने ठक असा आवाज आला. मग दुसरा. मग आवाजांना लय आली.

मिस्त्रीला गुरुवारी दुसरं काम निघालं होतं. माणसं एक दिवस आधी आली होती, आणि दादा त्यांना परस्पर ओहळावर घेऊन गेला होता.

*

ती पळत गेली. फळ्या ओल्या होत्या. दोनदा पाय घसरून गुडघ्यांवर आपटली, नडगी सोलली. ओहळाच्या काठी पोचली तेव्हा वांझ्याच्या बुंध्याशी तराफा बांधलेला होता, तिघंजण तोंडाला फडकी बांधून त्यावर उभे होते, आणि झाडाच्या कमरेत अर्ध्याहून खोल खाच पडली होती. खाचेतून पांढरा रस वाहत होता आणि कडेने काळा पडत चालला होता. तिने दोन्ही हात वर करून दादाला हाक मारली. दादाने ऐकलं, कुऱ्हाड थांबवली. पण झाड आता कोणाचं ऐकण्यातलं नव्हतं. आतून कडकड असा आवाज आला, माणसं तराफ्यावरून उड्या मारून बाजूला झाली, आणि वांझ्या सावकाश ओहळावर आडवा झाला. पिवळ्या फुलांचा एवढा लोट उठला की पलीकडचं काही दिसेना. वहिनी पदर तोंडावर दाबून पाठमोरी बसली.

दादा पाण्यातून आला आणि तिला काय झालं म्हणून विचारू लागला. तिने सांगितलं. आबांना सांगायला लागला त्याच्या चौथाई वेळात सांगितलं.

"सोमवारी कळलं," दादा म्हणाला. "काल धारेला पाणी घालत होतीस."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"भ्याले."

"कोणाला? मला?"

"नाही हो. तुम्ही थांबाल म्हणून भ्याले. मला ते पडायला हवं होतं."

दादाने फडकं सोडून तोंड पुसलं आणि पुन्हा बांधलं. मिस्त्रीची माणसं फांद्या छाटायला सरसावली होती. वहिनी उठली. भोपळ्याच्या वर्षी, धपाट्यानंतर, आईने आणखी एक गोष्ट केली होती. शेजारच्या मांडवावरून बिनगाठीची दोन फुलं मागून आणून ती उरलेल्या गाठींना घासली होती. तेव्हा उशीर झाला होता. आज झाला होता की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

"फुलं अजून ताजी आहेत," ती म्हणाली. "सुकेपर्यंत आतल्या झाडांना नेऊन बांधू. माळ्यावरची गाडगी आणा, पाणी भरून त्यात फांद्या ठेवू. तीस झाडं आहेत."

"हे वरातीमागून घोडं झालं."

"असू दे. घोडं तरी जाऊ दे."

मग चौघांनी आणि आबांनी मिळून दिवस मावळेपर्यंत ते काम केलं. मिस्त्रीच्या माणसांना आधी हसू आवरेना. झाडांची लग्नं लावताय का, मग आम्ही कोणाकडचे, असं एकाने विचारलं. पण दुपारनंतर त्याच्या मनगटांवर फोड आले आणि त्याची थट्टा बंद पडली. आबा ओट्यावरून उठून फळ्यांवर आले आणि गाडग्यांत पाणी भरून द्यायला बसले. दादा फळं काढायच्या खुंट्यांवरून झाडावर चढायचा, फांदी असलेलं गाडगं दोराने वर ओढायचा आणि फुलांच्या जवळ बांधायचा. एकट्याने तीस होणार नव्हती. दहाव्या झाडाला त्याचे पाय थरथरायला लागले तेव्हा वहिनीने लुगडं खोचलं आणि अकराव्यावर चढली. या घरातली बाई काजळावर कधी चढली नव्हती. आबांनी मान खाली घालून गाडग्यात पाणी ओतलं.

उंचीला ती भ्यायचीच. खाली बघितलं की काळं पाणी आणि वर ते गाडगं, फुलांनी भरलेलं, तिच्या तोंडापासून हातभर. ते बांधताना भुकटी कपाळावर, मानेवर, पदराच्या आत पडत होती. सुरुवातीला खाजलं, मग जळजळलं, मग जळजळ हीच तिची कातडी झाली. ती एकेका झुबक्यावर फांदी टेकवून झटकत होती. आई भोपळ्याला म्हणायची तसं तोंडातल्या तोंडात म्हणत होती, लाग बाई, लाग. एकोणतीस झाली. तिसाव्याला फांदीच उरली नव्हती, तेव्हा तिने पदरात साठलेली भुकटी तिथे झटकली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला डोळे उघडता आले नाहीत. हात मडक्यासारखे सुजले, मान आणि खांदा एक झाले. चिमीला मावशींकडेच ठेवलं होतं आणि वहिनीची सक्त ताकीद होती की तिला दाराच्या आत पाऊल टाकू द्यायचं नाही. नर्सबाई होडीने आल्या, इंजेक्शन देऊन गेल्या, आणि या घरात शहाणं कोण आहे असं विचारून गेल्या. तीन दिवस ती पडून होती. अंधारात पडल्या पडल्या ती आपल्याच घशाकडे कान लावायची. शिट्टी आली का? नाही. आता? पोरीला होडीत काय झालं असेल ते तिला आता कळलं, आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी अंगणातून आवाज आला, "आई, मी लांबच उभी आहे."

"तशीच उभी राहा."

"तू दिसतेस कशी?"

"तू दिसत होतीस तशी."

चिमी म्हणाली, "म्हणजे वाईट," आणि पळून गेली. वहिनीला हसू आलं, आणि हसताना ओठ फाटून रक्त आलं.

पुढचे पंधरा दिवस घरात कोणी राईचं नाव काढलं नाही. तोंडाला कुलूप लावायचं असं जणू सगळ्यांनी ठरवलं होतं. फुलं गळायला लागली तेव्हा आबा रोज फळ्यांवर जाऊन उभे राहायचे. त्यांना वरचं दिसत नव्हतं, पण पाण्यात काय पडलंय ते दिसायचं, आणि पाणी पिवळं झालेलं बघून ते तसेच परत यायचे. शेवटी वहिनी गेली. नवी, गुलाबी कातडी झाकून घेऊन तिसाव्या झाडावर चढली, ज्याच्या वाट्याला फांदी आली नव्हती. देठांमध्ये बोटं घातली. वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. हिरवं, घट्ट, ओढून न निघणारं.

"आहेत का?" खालून आबांनी विचारलं.

"आहेत."

"किती?"

तिला मोजता येईना. ती खोडाला मिठी मारून रडत होती, आणि आबा खाली उभे राहून वाट बघत होते.

*

त्या वर्षी माळ्यावर एक गाडगं उरलं नाही. मिस्त्रीने कारखान्याचा डबा कधी आत नेला ते कोणाला दिसलं नाही. पण घरात सगळ्यांना माहीत होतं की हे पहिलं आणि शेवटचं. पुढच्या बहरात भुकटी आणायची कुठून? आबांनी यंदा काही फळं फोडू दिली नाहीत. काजळाची बी वाळली की मरते आणि पाण्यात पडली की खेकडे नेतात, म्हणून ती त्यांनी ओल्या चिखलाच्या टोपल्यांत लावली. कोंब आले. त्यातले वांझे कोणते, हे फुलल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि काजळ फुलायला बारा वर्षं घेतं. आबांनी चुन्याचं डबडं ओट्याच्या मागे नेऊन उपडं केलं. बारा वर्षं काही मी जगत नाही, पण यांना कोणी हात लावायचा नाही, असं ते टोपल्यांकडे बघत म्हणाले.

पाऊस संपल्यावर ओहळाचं पाणी उतरलं. वहिनी कोयता घेऊन वेली कापायला गेली होती. पलीकडे वांझ्याचं खोड कमरेएवढं उभं होतं, काळ्या रसाचं झाकण बसलेलं. सहज तिची नजर गेली, आणि ती फळीवरच थांबली. खोडाच्या कडेने काहीतरी लालसर होतं.

तराफा अजून तिथेच बांधलेला होता. ती त्यावरून जवळ गेली. तीन फुटवे होते, वीतभर उंच, पानं अजून नीट उलगडलीही नव्हती. मुळं म्हाताऱ्या झाडाची, तयार. याला बारा वर्षं लागणार नव्हती. चार, फार तर पाच. तेव्हा चिमी बारा वर्षांची असेल.

आसपास कोणी नव्हतं. कोयता हातात होता. फुटवे इतके कोवळे की कोयताही नको, नखाने खुडले असते तरी पुरे. घरी जाऊन सांगायचं काही कारण नव्हतं. न सांगण्यात ती एकदा तरबेज झाली होती. तिने एका फुटव्याला पातं लावलं. पानावर पाण्याचा थेंब होता, तो पात्यावर ओघळला. होडीतली शिट्टी तिला ऐकू आली, इतकी स्पष्ट की तिने मागे वळून पाहिलं.

मागे नुसती राई होती, आणि ती निमूट उभी होती.

ती घरी आली तेव्हा सगळे ओट्यावर होते. आबा टोपल्यांवर पाणी शिंपडत होते, दादा दोर वळत होता, चिमी पाटीवर काहीतरी गिरवत होती. वहिनी गुडघाभर चिखलात माखलेली, दारात उभी राहिली. 

"वांझ्याला फुटवा आलाय."

दादाचे हात थांबले. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग कोयत्याकडे.

"ठेवलास?"

"ठेवला. कुंपण घालावं लागेल. चार-पाच वर्षांत फुलेल." मग ती चिमीकडे वळली, कारण हे पोरीच्या पाठीमागे बोलण्यात अर्थ नव्हता. "तो फुलला की तू महिनाभर नदीपलीकडे राहायचं. दवाखान्याच्या शेजारी खोली बघू. मी असेन तुझ्याजवळ. इकडचं कोणी तिकडे यायचं नाही, अंघोळ करूनसुद्धा."

"तो मला परत उतवेल?"

"हात लावलास तर उतवेल."

"मेले तर?"

आबांनी शिंपडायचं थांबवलं. वहिनीला खोटं बोलता आलं असतं, आणि कोणीही बोललं असतं.

"म्हणूनच मी भिते," ती म्हणाली. "तूही भी. भ्यायला लाजू नकोस."

चिमीने पाटी बाजूला ठेवली. तिने कानामागे हात नेला, तिथे काही नाही याची खात्री केली, आणि दुसऱ्या कानामागेही बघितलं. वहिनी हौदावर गेली. तिने कोपरापर्यंत हात धुतले, मग परत धुतले, मग तिसऱ्यांदा. पदराला न पुसता, ओल्या हातांनीच ती येऊन पोरीला लागून बसली.